गार पाण्याची नदी

“विचार की तिला,” अक्कानं मला कोपरानं ढोसलं. “कॉफी कुठं पळून जात नाही. आधी विचार.”

कॉफी देणाऱ्या पोरीपुढं मी फोटो धरला आणि या मुलाला कधी पाहिलंय का, म्हणून इंग्रजीत विचारलं. तिनं बिचारीनं फोटो अगदी नीट बघितला, मान हलवली, सॉरी म्हणाली आणि साखर किती ते विचारलं.

“काय म्हणाली?”

“नाही म्हणाली. साखर किती घालू विचारतीय.”

“गणिताचा मास्तर आहे म्हणून सांगितलंस का?”

“अगं अक्का, शेकडो माणसं आहेत बोटीवर. ती कॉफी वाटतीय. तिला गणिताचं काय करायचंय?”

“तुला मेलीला धड विचारतासुद्धा येत नाही,” म्हणत अक्कानं माझ्या हातातून फोटो ओढून घेतला, पदरानं पुसला आणि पर्समध्ये ठेवला. मी सांगलीच्या कोर्टात स्टेनो म्हणून उभा जन्म काढला. साहेब बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, पदरचं घालायचं नाही, त्यातलं गाळायचं नाही, यावर माझी भाकरी होती. आणि मला विचारता येत नाही म्हणे!

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. अलास्कातलं फेअरबँक्स गाव, जुलै महिना, तरी माझ्या अंगात दोन स्वेटर आणि डोक्याला कानटोपी. अक्का नऊवारीतून पाचवारीवर आली ती या सहलीसाठी, आणि पाचवारीखाली तिनं पांढरे स्पोर्ट्स शूज घातले होते. बोट तीन मजली. मागच्या बाजूला घराएवढ्या उंचीचं लाकडी चाक पाणी मारत फिरायचं आणि त्यावर बोट पुढं सरकायची. दोन्ही काठांना नुसती झाडं. माणूस नाही, गुरंढोरं नाहीत, देवळाचा कळस नाही. आमच्या सहलीतले बाकीचे लोक बर्फाचे डोंगर आणि अस्वलं बघायला आले होते. आम्ही दोघी बहिणी फक्त या बोटीसाठी आलो होतो.

मकरंद अक्काचा एकुलता एक. त्यांचं घर कुरुंदवाडला, नदीकाठी. अकरावीपासून इंजिनियर होईपर्यंत तो सांगलीला माझ्याकडं राहिला, कारण मी एकटी आणि माझी एक खोली रिकामी. पुढं अमेरिकेला शिकायला गेला. आणि शिकून झाल्यावर एक दिवस फोन केला, की मी इथं उत्तरेला युकॉन नदीकाठच्या एका गावात शाळामास्तर होतोय. गावाला रस्ता नाही, लहान विमानानं जायचं. भावजींनी डोक्याला हात लावला. “घोड्यावरनं उतरून गाढवावर बसतोय गाढव,” असं म्हणाले. पण पोरगं तिथं रमलं. फोनवर तिथल्या पोरांचं कौतुक सांगताना त्याला श्वास पुरायचा नाही.

तिसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, शेजारच्या गावच्या शाळेत जायचं म्हणून तो गोठलेल्या नदीवरनं बर्फावरची स्कूटर घेऊन निघाला. तो पोचला नाही. स्कूटरचा माग नदीच्या मध्यापर्यंत होता, पुढं बर्फ फुटून पाणी उघडं पडलेलं होतं. तिथल्या पोलिसांनी महिनाभर शोध घेतला आणि मग फोन करून भावजींना सांगितलं की आता आशा धरू नका. देह काही मिळाला नाही.

भावजी गुरुजींना बोलवायला निघाले तर अक्का उंबऱ्यात आडवी बसली. “जन्म गेला माझा कृष्णेकाठी,” ती म्हणाली. “बुडालेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येतो. नदी माणूस ठेवून घेत नाही. मकरंद वर आला नाही, म्हणजे तो पाण्यात नाहीच. कुठंतरी आहे. येईल.” भावजींनी समजावलं, गुरुजींनी समजावलं. मी तर दर रविवारी एसटीनं जाऊन समजावत होते. दगडावर डोकं आपटलं असतं तर दगड फुटला असता. तीन वर्षं त्या घरात कुणी मकरंद गेला असं म्हटलं नाही. म्हणायची सोयच नव्हती.

आणि मग तिला आठवलं, की मकरंद एकदा बोलता बोलता म्हणाला होता, आमच्या गावची काही माणसं उन्हाळ्यात फेअरबँक्सला पर्यटकांच्या बोटीवर कामाला जातात. झालं. त्या गावापर्यंत जाणं तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, पण बोटीवर जाता येत होतं. सहलीच्या जाहिरातीत बोटीचा फोटो बघितल्याबरोबर तिनं दोघींची नावं नोंदवली. भावजी म्हणाले, “मी येणार नाही. मला बघवणार नाही.” मग कुमुदला धरा, कुमुदला इंग्रजी येतं.

तर असं. बोट चालली होती आणि कर्ण्यावरचा माणूस हसत हसत माहिती सांगत होता. शेजारून एक इवलंसं विमान पाण्यावरनं पळत आलं आणि उडालं. आमच्यातल्या इचलकरंजीच्या काकू “अगंबाई गं!” म्हणून टाळ्या पिटायला लागल्या. मग एका काठावर बर्फगाडी ओढणारी कुत्री दाखवली. उन्हाळ्यात बर्फ नाही म्हणून ती बिचारी रिकामा सांगाडा ओढत होती, पण काय तो उत्साह! टूर मॅनेजर पराग सगळ्यांचे फोटो काढत फिरत होता.

“मावशी, तुम्ही दोघी कठड्यापाशी या ना. मागं नदी छान येईल.”

“नदीचं काय कौतुक रे,” अक्का म्हणाली. “आमच्या दारातच आहे.”

पण तिचं लक्ष नदीकडंही नव्हतं. ती माणसांची तोंडं बघत होती. बोटीवर काम करणाऱ्यांत तिथले मूळचे लोक बरेच होते, रुंद चेहऱ्याचे, काळ्याभोर केसांचे. एक झाला की दुसरा, ती मला ढोसायची आणि मी मकरंदचा फोटो पुढं धरायची. कुणाला माहीत नव्हतं. मला मनातून बरंच वाटत होतं. असंच होईल, एक-दोन दिवस रडेल आणि घरी जाऊन गुरुजींना बोलवेल, असा माझा हिशोब होता.

खालच्या मजल्यावर एक पोरगा दोरखंड गुंडाळत होता. त्याला मी मकरंदच्या गावाचं नाव सांगितलं.

“मी तिकडचा नाही,” तो म्हणाला. “पण पुढं आपण उतरणार ना, तिथं मासे कापून दाखवणारी अ‍ॅग्नेस आहे. ती तिथलीच.”

मी हे जसंच्या तसं अक्काला सांगितलं. मग पर्समधनं फणी काढून तिनं पुढचे केस चापून बसवले.

“कुमे, माझं कुंकू सारखं आहे का बघ.”

“आहे.”

“नीट बघून सांग की गं! तो असला तिथं तर? म्हणेल, आई कशी अवतार करून आलीय.”

मी तिचं कुंकू बोटानं सारखं केलं.

बोट ज्या काठाला लागली तिथं पर्यटकांसाठी एक जुन्या पद्धतीचं गाव उभं केलेलं होतं. ओंडक्यांच्या झोपड्या, कातड्यांचे अंगरखे टांगलेले, मासे वाळवायच्या मांडवाखाली धूर. सगळे लोक अंगरख्यांकडं पळाले. आम्ही दोघी सरळ माशांच्या टेबलाकडं गेलो. अ‍ॅग्नेस म्हणजे तिशीच्या आतबाहेरची, ठेंगणी, ठसठशीत बाई. हातात अर्धचंद्रासारखी पाती, आपल्या विळीची पात काढून मूठ बसवावी तशी. मासा कापत कापत ती गळ्यातल्या माइकवरून सांगत होती की आमच्याकडं मासा कसा राखून ठेवतात, वाया कसं काही जात नाही. अक्का पदर नाकाला लावून पहिल्या रांगेत उभी. जन्मात अंडं न शिवलेली बाई, पण हलली नाही.

“विचार,” ती पदराआडनं म्हणाली.

“अगं, तिचं संपू दे तरी.”

तेवढ्यात अ‍ॅग्नेस बोलता बोलता थांबली. तिनं पाण्याच्या दिशेनं मान वळवली आणि त्याच माइकवरून, सगळ्या काठाला ऐकू जाईल अशी खणखणीत हाक मारली, “मकरंद! पाण्यापासून लांब हो!”

माझ्या कानांनी ऐकलं मी. अक्षर अन् अक्षर स्पष्ट.

अक्का थांबली नाही. समोर दोरी बांधलेली होती, तिच्याखालनं वाकून ती पलीकडं गेली आणि वाळूतनं पळत सुटली. सत्तरीची बाई, गुडघ्याला पट्टा बांधलेली. “मक्या! अरे मक्या! थांब रे, मी आलीय!” लोक माना वळवून बघायला लागले. मी तिच्यामागं पळाले, आणि खरं सांगते, त्या पन्नास-साठ पावलांत मीसुद्धा देवाला हात जोडले.

काठावर एक होडी पालथी घातलेली होती. तिच्यामागनं तीन वर्षांचं एक पोर बाहेर आलं. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात काठी, नाक वाहतंय.

अक्कानं त्याच्याकडं बघितलं. मग होडीच्या मागं जाऊन बघितलं. मग वाकून होडीच्या खाली बघितलं.

“मोठा कुठाय रे?” तिनं त्या पोराला मराठीत विचारलं.

पोरानं तिच्या कुंकवाकडं टक लावून बघितलं आणि काठी आपटली.

अ‍ॅग्नेस हात पुसत धावत आली. मी तिच्यापुढं फोटो धरला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि मटकन होडीवर बसली.

“मिस्टर मॅक,” ती म्हणाली. मग वर बघून, “या त्याच्या आई?”

“आई. मी मावशी.”

तिनं मांडवाकडं तोंड करून त्यांच्या भाषेत जोरात काहीतरी सांगितलं. धुरापाशी बसलेली एक म्हातारी काठी टेकत उठली आणि आमच्याकडं यायला निघाली.

इकडं अक्काच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तिनं पोराचं तोंड हनुवटीला धरून वर केलं होतं. “कुमे, लग्न केलं गं यानं हिच्याशी! आणि भ्याला आपल्याला. म्हणून लपून बसलाय मेला. नाक बघ याचं. विचार, तो कुठाय. रागवत नाही म्हणावं मी. अगदी काही बोलणार नाही.”

मी विचारलं. अ‍ॅग्नेसनं हळूच मान हलवली. “नाही. याचे वडील गावात सुतारकाम करतात. मिस्टर मॅक आमच्या शेजारी राहायचा. माझ्या धाकट्या भावाला शिकवायचा, माझ्या वडिलांबरोबर मासे धरायला जायचा. मासे खायचा नाही, नुसता धरायचा. आम्ही फार हसायचो त्याला.”

हे मी जसंच्या तसं अक्काला सांगितलं. मासे खात नाही म्हटल्यावर ती हसली.

“मग याला त्याचं नाव कसं? तेवढं विचार.”

मी विचारलं, आणि अ‍ॅग्नेसनं सांगितलं. सावकाश, मला समजावं म्हणून तोडून तोडून सांगितलं. त्यांचे लोक युपिक जमातीचे. त्यांच्यात माणूस गेला की त्याचं नाव त्याच्यानंतर जन्मणाऱ्या मुलाला देतात. मग तो माणूस त्या मुलातून परत घरात येतो. मकरंद एप्रिलमध्ये गेला, हे पोर जूनमध्ये झालं. पण आजीनं, म्हणजे त्या काठी टेकत येणाऱ्या म्हातारीनं, लगेच नाव दिलं नाही. नदीचा बर्फ वितळल्यावर गावातले पुरुष होड्यांतून गळ टाकून शोधत होते, ते थांबेपर्यंत ती थांबली. “थोडी जरी शंका असली तरी आजी नाव देत नाही,” अ‍ॅग्नेस म्हणाली. “जिवंत माणसाचं नाव दिलं तर ते त्याच्या वाईटावर जातं. तिची खात्री झाली, तेव्हाच तिनं याच्या तोंडात पाण्याचा थेंब घालून नाव घेतलं.”

अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. कुंकू सारखं केलेलं, केस बसवलेले.

“काय म्हणतीय?”

“म्हणतीय... गावात सगळ्यांचा मकरंदवर फार जीव होता. म्हणून नाव ठेवलं.”

“एवढंच? इतका वेळ बोलत होती की.”

“इंग्रजी लांबतं जरा,” मी म्हणाले.

कोर्टात असं केलं असतं तर नोकरी गेली असती माझी. पण तिथं साहेब होता, इथं माझी बहीण होती. मला तोंडानं म्हणवेना.

तोवर म्हातारी पोचली. तिनं अक्काला वरपासून खालपर्यंत बघितलं, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बोलायला लागली. त्या दोघी एकाच वयाच्या असाव्यात. अ‍ॅग्नेस आजीचं इंग्रजीत सांगायची आणि मी इंग्रजीचं मराठीत.

“आजी म्हणते, फार उशीर केलात. आम्ही वाट बघत होतो. तुमचा ठावठिकाणा आमच्यातल्या कुणाजवळ नव्हता.”

“म्हणावं, आले ना आता.”

“आजी म्हणते, ज्याचं नाव, त्याची आई ती याचीही आई. याच्यावर तुमचा हक्क आहे. तुम्ही याला रागवू शकता. आमच्यात पोरांना फारसं कुणी रागवत नाही, पण याला कुणीतरी रागवायला पाहिजे. फार हट्टी आहे.”

“हट्टी असणारच!” अक्का म्हणाली. “नाव कुणाचं आहे?”

म्हातारीनं पोराला पाठीला हात लावून पुढं केलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. पोर आलं, अक्कापुढं उभं राहिलं आणि आपली काठी तिच्या हातात दिली.

अक्का त्या ओल्या वाळूत फतकल मारून बसली. पाचवारीचं काय होतंय याची पर्वा नाही. तिनं पोराला मांडीत ओढलं, पदरानं त्याचं नाक पुसलं. “शेंबड्या कुठला. आणि पाण्याजवळ कशाला जातोस रे? आई हाका मारतीय, ऐकू येत नाही? तंगडी मोडून ठेवीन, सांगून ठेवते.” पोर खिदळायला लागलं. अक्कासुद्धा हसायला लागली. तीन वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मी आपली दुसरीकडं तोंड करून उभी राहिले.

मग पोराचा बूट निघाला होता तो चढवता चढवता ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, “कुमे, या आजीला विचार. तुमची नदी माणूस कितव्या दिवशी वर देते?”

“अक्का...”

“विचार म्हणते ना.”

मी विचारलं. अ‍ॅग्नेसनं आजीला विचारलं. म्हातारीनं आधी नदीकडं बघितलं. गढूळ, राखेच्या रंगाचं, ओढीचं पाणी. हेच पाणी पुढं युकॉनला मिळतं आणि त्या गावावरनं जातं, असं मघाशी कर्ण्यावर सांगितलं होतं. म्हातारी अक्काच्या शेजारी वाळूत बसली आणि तिनं नुसती मान हलवली. एकदा इकडं, एकदा तिकडं.

“पाणी फार गार असतं,” अ‍ॅग्नेस मला म्हणाली. “उन्हाळ्यातसुद्धा. आणि गाळ असतो, तो कपड्यांत भरतो. आमची नदी परत देत नाही. आजीचा भाऊही तिच्यातच आहे.”

“अक्का, ती म्हणतीय...”

“राहू दे,” अक्का म्हणाली आणि तिनं पोराचा दुसरा बूटही वर ओढून घट्ट बसवला.

बोटीचा भोंगा वाजला. पराग लांबनं हात करून ओरडायला लागला, “मावशी, चला, चला!” अ‍ॅग्नेसनं आजीचं काहीतरी ऐकून मला सांगितलं, की ज्याचं नाव त्याच्या आईनं पोराला अंगावर काहीतरी घालावं अशी पद्धत आहे, काहीही चालेल. मी ते अक्काला सांगितलं. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि सरळ माझ्या डोक्यावरची कानटोपी ओढून पोराच्या डोक्यात घातली. ती त्याच्या डोळ्यांवर आली. म्हातारी मोठ्यानं हसली. माझे कान गारठून गेले, पण बोलते कुणाला.

निघताना दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींना धरलं ते सोडेचनात. एकीला दुसरीचं अवाक्षर कळत नव्हतं. अ‍ॅग्नेस रडत होती. अक्का रडली नाही. तिनं अ‍ॅग्नेसच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, “सांभाळ गं बाई त्याला.” हे मी भाषांतर केलं नाही. तिला कळलं होतं.

बोट काठावरनं सुटली तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला उभ्या होतो. पोर अ‍ॅग्नेसच्या कडेवर होतं आणि टोपी वर सारून सारून हात हलवत होतं. अक्काही हात हलवत होती. खाली ते मोठं चाक धबाधबा पाणी मारत होतं. नदीला वळण आलं, आधी मांडव दिसेनासा झाला, मग माणसं, मग नुसती झाडं राहिली. आमच्या सहलीतल्या कुणीतरी चिवड्याचा डबा उघडला होता, त्याचा वास आला.

“कुमे,” अक्का झाडांकडं बघत म्हणाली, “घरी गेल्यावर यांना सांगायला पाहिजे. गुरुजींना बोलवा म्हणून.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? मकरंदचं करायला नको?”

मी स्वेटरची बटणं लावायला लागले.

“तू दोन वाक्यं गिळलीस म्हणजे मला कळणार नाही होय? आपल्यात तरी काय वेगळं आहे? यांना आजोबांचं नाव ठेवलं, ते आजोबा गेल्यावरच की. जित्या माणसाचं नाव पोराला कोण ठेवतं?” तिनं कठड्यावरचे हात काढून माझा दंड धरला. “गेला गं. माझा मकरंद गेला.”

तीन वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते. ती असं म्हणेल तेव्हा आपण काय बोलायचं, तिला कसं सावरायचं, सगळं एसटीत बसून बसून मी जुळवून ठेवलेलं होतं. दर रविवारी तेच घोकत होते. आणि माझ्या तोंडातनं बाहेर पडलं ते असं, “काहीतरी अभद्र बोलू नकोस, अक्का. असेल कुठंतरी. येईल की.”

“कुमे.”

“येईल म्हणते ना! त्या म्हातारीला काय कळतंय? तिनं बघितलंय का डोळ्यांनी? रस्ता चुकला असेल, दुसऱ्या गावाला गेला असेल. तो रात्री उशिरा यायचा, माझा डोळा लागला असला तर दार वाजवायचा नाही, पायरीवर बसून राहायचा. त्याला वाटायचं, मावशीची झोप मोडेल. असेल कुठंतरी असाच बसलेला. तू लगेच गेला म्हणून मोकळी होऊ नकोस...”

मी किती मोठ्यानं बोलत होते ते मला कळत नव्हतं. इचलकरंजीच्या काकू पाण्याची बाटली घेऊन धावत आल्या, पराग आला, आणि लांब बसलेले गोरे लोक उठून उभे राहून बघायला लागले. मी कठडा धरून खाली बसले. इतकी वर्षं मी लोकांचं ऐकून उतरवत आले, पण त्या दिवशी माझ्याच तोंडातनं जे काही येत होतं त्याला शब्द नव्हते. मला मूल नाही. जे होतं ते त्या नदीत होतं, आणि ती नदी परत देत नाही.

अक्का गुडघ्याचं दुखणं विसरून माझ्याजवळ खाली बसली. तिनं सगळ्यांना हातानं लांब व्हायला सांगितलं, माझं डोकं आपल्या छातीशी ओढून घेतलं आणि वरनं पदर घातला.

“रड, कुमे,” ती म्हणाली. “तुझाही होता की गं तो. आणि मी तुला तीन वर्षं रडू दिलं नाही.”